मान वाकडी आणि दोष दारूला: घरी भरलेल्या काडतुसांचं एक प्रकरण

२०२३ च्या जुलैमध्ये माझा मावसभाऊ ओहायोतल्या माझ्या घरी आला तो तीन कागद घेऊनच. पहिला १०० यार्डांवरचा. त्यावर तीन गोळ्यांची भोकं एकमेकांत शिरलेली, मध्यापासून मध्यापर्यंत ०.४२ इंच. काडतुसं त्यानं स्वतः भरलेली. दुसरा कागद म्हणजे मे महिन्यातल्या ६०० यार्डांच्या क्लब सामन्याचं गुणपत्रक. काडतुसं तीच, वीस गोळ्यांत १८७ गुण: नऊ वेळा दहा, नऊ वेळा नऊ आणि दोन वेळा आठ. तिसरं गुणपत्रक जूनचं. वैतागून त्यानं दुकानातून कारखान्याची मॅच, म्हणजे स्पर्धेसाठीची, काडतुसं आणली होती आणि १९२ मारले होते.

"दादा, माझी काडतुसं शंभरावर एका भोकात जातात. मग सहाशेवर दुकानातली पुढे कशी जातात? दारू बदलून बघू का?"

दारू बदलायचा विचार आधी माझ्याही मनात आला होता. वर्षभरापूर्वी दारूचं वजन थोडंथोडं वाढवत जाऊन 'चांगली जागा' शोधायचा सल्ला मीच त्याला दिला होता. तो सल्ला अपुरा होता, आणि त्याची भरपाई म्हणून पुढचे दोन महिने मी या कामात घातले. ते काम इथे सविस्तर लिहितो, कारण घरी काडतुसं भरणारे बहुतेक जण याच वळणावर अडकतात.

आधी एक खुलासा. हे सगळं अमेरिकेतलं आहे. इथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरणं हा कायदेशीर आणि जुना छंद आहे. भारतात शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे. दुसरं म्हणजे दारूचं वजन मी या लेखात कुठेही दिलेलं नाही आणि विचारलं तरी देणार नाही. ते दारूच्या उत्पादकाच्या चालू पुस्तिकेतूनच घ्यायचं आणि खालच्या आकड्यापासून सुरू करायचं. .३०८ विंचेस्टरच्या काडतुसात दाबाची मर्यादा ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आहे आणि तो दाब नेमबाजाच्या चेहऱ्यापासून काही इंचांवर तयार होतो. दुसऱ्याच्या रायफलसाठीचा आकडा उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी घेणं.

ज्याच्याशी जुळवायचं ते माप

भावाकडे जड नळीची रेमिंग्टन ७०० आहे, नळीतल्या आट्यांचा पीळ १२ इंचांत एक. जूनमध्ये त्यानं वापरली ती काडतुसं फेडरलची गोल्ड मेडल मॅच, सिएरा कंपनीच्या १६८ ग्रेनच्या मॅचकिंग गोळीची (ग्रेन हे वजनाचं अगदी लहान एकक). .३०८ मध्ये 'कारखान्याची मॅच अचूकता' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हेच खोकं येतं.

या गोळीचा इतिहास आमच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. सिएरानं ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय नेमबाजीसाठी काढली. त्या काळानंतर अमेरिकी सैन्याचं ७.६२ मधलं स्पर्धेचं काडतूस होतं एम११८. त्यात १७३ ग्रेनची, पूर्ण आवरणाची गोळी असे. नेमबाजांचं त्यावर समाधान नव्हतं. ते तयार काडतुसातून ती गोळी ओढून काढत आणि त्याच केसमध्ये (केस म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, त्याच्या अरुंद मानेत गोळी बसते), त्याच दारूवर सिएराची १६८ बसवत. या जोडकामाला 'मेक्सिकन मॅच' हे नाव पडलं. पुढे १९८० च्या सुमारास सैन्यानं १६८ ची मॅचकिंग घालूनच एम८५२ हे काडतूस काढलं. म्हणजे नेमबाजांनी टेबलावर बसून जे केलं, तेच नंतर यंत्रावर चढलं. हे आठवण करून देण्याचं कारण असं, की भावाला कारखान्याकडे काही गुपित साहित्य असावं असं वाटत होतं. आणि त्याच्या बाबतीत तर तशी शंका घ्यायलाही जागा नव्हती. त्यानं केस वापरल्या होत्या फेडरलच्याच, आधी मारलेल्या तसल्याच खोक्यांतून वाचलेल्या. गोळी सिएराची तीच, क्रमांक २२००. प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली टोपी, फेडरलचा २१०एम. वेगळी होती ती फक्त दारू (त्याची व्हार्गेट नावाची) आणि भरणाऱ्याचे हात.

मला हे प्रकरण याचमुळे आवडलं. मी अमेरिकेत येण्याआधी पिंपरीच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होतो. माझे मामा वरणगावच्या आयुध निर्माणीत होते, त्यामुळे 'लॉट', म्हणजे एका वेळी एकत्र तयार झालेला माल, हा शब्द मी शाळेत असतानाच जेवताना ऐकलेला. साहित्य एकच असताना नग बिघडत असेल, तर प्रक्रियेत शिरायचं. आणि प्रक्रियेत शिरण्याआधी आपलं मोजणं बरोबर आहे का ते बघायचं.

तीन गोळ्या किती खोटं बोलतात

०.४२ इंचांचा तो कागद कसा आला ते आधी विचारलं. भावानं दारूची अकरा वेगवेगळी वजनं घेतली होती, प्रत्येकाच्या तीन-तीन गोळ्या मारल्या होत्या आणि अकरांत जो ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, सर्वांत लहान आला ते वजन पक्कं केलं होतं. हजारो लोक हेच करतात.

यात अडचण गणिताची आहे. रायफल तीच, काडतुसं तीच, फक्त ग्रुपमधल्या गोळ्यांची संख्या बदलली की ग्रुपचा आकार बदलतो. पसारा सगळ्या दिशांना सारखा धरला आणि त्याचं प्रमाण विचलन (सरासरीपासून विखुरण्याचं माप) एक मानलं, तर तीन गोळ्यांच्या ग्रुपची सरासरी रुंदी येते २.४१, पाच गोळ्यांची ३.०७, दहा गोळ्यांची ३.८१. म्हणजे जी रायफल दहा गोळ्यांत सरासरी एक इंच देते, तीच तीन गोळ्यांत सरासरी ०.६३ इंच देते. ही झाली सरासरी. प्रत्यक्षात तीन गोळ्यांचा ग्रुप या सरासरीच्या खालीवर बेफाम हलतो. अकरा वेळा तीन-तीन गोळ्या मारल्या की त्यांतला एखादा ग्रुप नुसत्या योगायोगानं देखणा निघतोच. भावानं तो योगायोग निवडला होता आणि वहीत लाल पेनानं गोल केला होता.

मग आम्ही कारखान्याच्या एकाच लॉटची पाच खोकी आणली. रायफल तीच, बाक तोच, सकाळची वेळ तीच. दहा-दहा गोळ्यांचे तीन ग्रुप कारखान्याचे आणि तीन घरचे, आलटून पालटून, म्हणजे नळी तापण्याचा किंवा खांदा थकण्याचा फायदा-तोटा एकाच बाजूला जाणार नाही.

कारखाना: ०.९५, १.०४, ०.९२ इंच.
घरचं: १.४८, १.७१, १.५५ इंच.

भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे शंभरावरच हरत होतो." हो. ६०० यार्डांवर काही नवीन घडत नव्हतं. ज्या वर्गात तो खेळतो त्याच्या लक्ष्यावर ६०० यार्डांना दहाचं वर्तुळ सहा इंच व्यासाचं असतं. शंभरावरचा पसारा तिथे सहापट होऊन बसतो, आणि मग नवाची आणि आठाची भोकं दिसू लागतात.

गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफही लावला होता. वेगाचं प्रमाण विचलन कारखान्याचं तीस गोळ्यांवर १४ फूट प्रति सेकंद, घरचं २१. दहा गोळ्यांवरून काढलेल्या विचलनावर फार विसंबू नये. आकडा १४ आला तर खरा आकडा १० ते २५ मध्ये कुठेही असू शकतो. तीस गोळ्यांनी ही पट्टी ११ ते १९ एवढी आवळते. म्हणून तीस.

दारूची उलटतपासणी

दारूवर संशय सर्वांचा असतो, कारण ती दिसते, वजन करता येते आणि बदलता येते. तिला लवकर मोकळं करता आलं. .३०८ मध्ये एका ग्रेनमागे वेग साधारण ५० ते ६० फुटांनी बदलतो. भावाचा काटा ०.१ ग्रेनपर्यंत दाखवणारा. काट्याची तेवढी चूक धरली तर वेगात पाच-सहा फुटांचा फरक. १०० यार्डांवर त्यानं गोळी जागची हलल्याचं कळणारही नाही. ६०० यार्डांवर या गोळीला दहा फुटांमागे उंचीत साधारण एक इंच फरक पडतो, म्हणजे तिथेही अर्धा-पाऊण इंच. दीड इंचाचा ग्रुप शंभर यार्डांवर आणण्याची ताकद या चुकीत नाही.

गोळ्या तपासल्या. टोकावरून मोजलेली लांबी चार-पाच हजारांश इंचांनी खालीवर होती, पण मॅचकिंगचं टोक उघडं आणि किंचित ओबडधोबड असतंच. कॉम्परेटर हे मापक लावून गोळीच्या वळणावरून मोजलं तेव्हा फरक एका हजारांशाच्या आत आला. गोळी बसवण्याची खोलीही ठीक.

केसची मान

मग मी कपाटातून व्ही-ब्लॉक आणि डायल गेज काढलं. कारखान्यात शाफ्टचा रनआउट, म्हणजे फिरताना होणारा डोल, बघतो तसंच काडतूस व्ही-ब्लॉकवर ठेवायचं, गोळीच्या वळणाजवळ गेजची टोकणी टेकवायची आणि काडतूस हळू फिरवायचं. गोळी केसच्या अक्षात सरळ बसली असेल तर काटा जागच्या जागी थरथरतो. तिरकी असेल तर डोलतो.

कारखान्याची वीस काडतुसं: सरासरी तीन हजारांश इंच.
घरची शंभर: सरासरी सात हजारांश, काही थेट दहापर्यंत.

तिरकी गोळी नळीत शिरताना तिरकीच शिरते. तिचा वजनाचा मध्य नळीच्या अक्षावर राहत नाही, गोळी फिरत असताना तो अक्षाभोवती घिरट्या घालतो, आणि नळीचं तोंड सोडताना तो मध्य त्या क्षणी ज्या दिशेला सरकत असेल तिकडे गोळी किंचित फेकली जाते. ती बाजू दर वेळी वेगळी, कारण काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या त्याच्या जागेत, कुठल्या अंगानं बसलं हे कोणी बघत नाही. म्हणून हा दोष एका दिशेला ओढ म्हणून दिसत नाही, नुसता ग्रुप फुगलेला दिसतो.

इथे लगेच डाय, म्हणजे मारलेली केस पुन्हा मापात आणणारा साचा, बदलायचा मोह झाला होता. पण मग सुधारणा कशानं झाली ते कळलं नसतं. त्याऐवजी भरलेली शंभर काडतुसं आम्ही फक्त निवडली. चार हजारांशांपेक्षा कमी डोलणारी वीस एका बाजूला, सातपेक्षा जास्त डोलणारी वीस दुसऱ्या बाजूला. दारू, प्रायमर, लॉट, दिवस सगळं एक. सरळ काडतुसांचे दोन ग्रुप आले १.१८ आणि १.०९ इंच. वाकड्यांचे १.७१ आणि १.८६. दोन-दोन ग्रुपांवरून मी कुठल्याही ऑडिटमध्ये शपथ घेणार नाही, पण पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते सांगायला एवढं पुरेसं होतं. आणि यात एक पैसाही खर्च झाला नाही, एकही स्क्रू फिरवला नाही. ही निवडीची चाचणी मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते.

आता वाकडेपणा कुठल्या टप्प्यावर येतो? मारून बाहेर पडलेली केस आधी मोजली. मान जेमतेम एक हजारांश डोलत होती. म्हणजे रायफलचं चेंबर निर्दोष. तीच केस डायमधून काढली आणि पुन्हा मोजली: पाच. गोळी बसवल्यावर: सात. म्हणजे गोळी बसवताना थोडी भर पडत होती, पण मोठी चोरी पहिल्याच टप्प्यावर, केस पुन्हा मापात आणताना होत होती.

साध्या डायमध्ये केसची मान दोनदा छळली जाते. आत जाताना डाय ती गरजेपेक्षा जास्त आवळते. बाहेर येताना डायच्या मधल्या दांड्यावरचा गोळा, ज्याला एक्स्पांडर म्हणतात, आतून घासत येतो आणि मान पुन्हा फुगवतो. मानेला आतून वंगण नसेल तर हा गोळा मानेला धरून ओढतो. भाऊ केसला बाहेरून वंगण लावत होता, आतून नाही. मी डाय बसवलेल्या प्रेसचं हँडल वर उचललं तेव्हा 'किर्र' असा आवाज आला. "हा आवाज रोज येतो?" मी विचारलं. "पहिल्यापासून. मला वाटलं तसाच असतो."

त्यात या केस चार वेळा मारून झालेल्या. प्रत्येक वेळी आवळणं आणि फुगवणं यानं मानेचं पितळ कडक होत जातं, आणि शंभर केसांचं सारख्या प्रमाणात होत नाही. कुठली मान गोळीला घट्ट धरते, कुठली सैल. वेगाच्या २१ फुटांच्या विचलनाला माझ्या मते हे कारण होतं.

आणखी एक गोष्ट सापडली. अचूकतेशी तिचा संबंध थोडा, जिवाशी जास्त. डाय पार खालपर्यंत घट्ट फिरवलेली होती, त्यामुळे दर वेळी केसचा खांदा आठ हजारांश मागे ढकलला जात होता. दोन पुरतात. इतका खांदा ढकलला की मारताना केस दर वेळी बुडाजवळ ताणली जाते आणि तिथे पातळ होते. एका टोकाला आकडा केलेली कागदाची टाचणी प्रत्येक केसमध्ये घालून बुडाजवळ आतून खण लागते का ते पाहिलं. अकरा केसांना लागली. काहींना बाहेरून चकचकीत कडंही दिसत होतं. त्या अकरा तिथेच पक्कडीनं चेपून भंगारात टाकल्या. भावाला ते जड गेलं. पण अशी केस एखाद दिवशी बोल्टच्या तोंडाशी फाटते आणि गरम वायू मागे येतो.

बदल

बदल तीन केले. एक्स्पांडर काढून टाकला आणि बुशिंगची डाय घेतली. तिच्यात मान किती आवळायची ते बुशिंग, म्हणजे आतली बदलता येणारी कडी, ठरवतं. गोळी बसवलेल्या काडतुसाची मान बाहेरून ०.३३५ इंच भरली, म्हणून ०.३३३ चं बुशिंग. आतून काही ओढायचं नाही. मानेची जाडी एकसारखी नसेल तर ही उणीव या पद्धतीत आत राहते, पण उरलेल्या केसांत ती दीड हजारांशाच्या आत होती, तेवढ्यासाठी मान खरवडत बसलो नाही. दुसरं, केसच्या माना आंचेवर मऊ करून घेतल्या, फक्त मान आणि खांदा, बूड कधीही नाही. तिसरं, डाय वर घेऊन खांदा दोन हजारांशच मागे जाईल अशी बसवली.

दारूचं वजन बदललं नाही. गोळीची खोली बदलली नाही. भावाला दोन्ही बदलावंसं वाटत होतं, मी हात धरला.

तिन्ही बदल एकदम केले हा या अभ्यासातला कच्चा दुवा आहे. मान सरळ झाल्याचं श्रेय किती आणि मऊ झाल्याचं किती, हे मला वेगळं करता येत नाही. सामना तीन आठवड्यांवर आला होता आणि भावाला तो खेळायचा होता.

पुन्हा कागदावर

रनआउट आता दोन ते तीन हजारांश, वाकड्यात वाकडं काडतूस चार. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तोच बाक, आलटून पालटून तीन-तीन ग्रुप.

कारखाना: ०.९८, ०.९१, १.०६.
घरचं: ०.९४, १.०२, ०.८८.

वेगाचं विचलन घरचं ११, कारखान्याचं १३. या दोन आकड्यांत फरक आहे असं मी म्हणणार नाही. तीस गोळ्यांच्या पट्ट्या एकमेकांवर बऱ्याच चढतात. ग्रुपांचंही तेच. भाऊ म्हणाला, "दादा, कारखान्याला हरवलं." मी म्हणालो, "जुळवलं म्हण. हरवलं म्हणायला अजून दोनशे गोळ्या लागतील." जुळणं हेच मागितलं होतं, आणि कारखान्याच्या एका काडतुसाला तेव्हा दोन डॉलरच्या आसपास पडत असताना जुळणं म्हणजे थोडकं नाही.

सप्टेंबरच्या सामन्यात ६०० यार्डांवर त्याला १९३ मिळाले. तेरा दहा, सात नऊ. सातांपैकी पाच भोकं डावी-उजवीकडे होती, म्हणजे वाऱ्याची. उंचीत गेलेली फक्त दोन. मे महिन्याच्या कागदावर हे प्रमाण उलटं होतं. जूनच्या १९२ शी ही तुलना मी करत नाही, त्या दिवशीचा वारा वेगळा होता.

याच काडतुसांनी १,००० यार्ड खेळू का असं तो आता विचारतोय. १६८ ची ही गोळी तेवढ्या अंतरावर ध्वनीच्या वेगाजवळ उतरते आणि तिच्या बुडाच्या आकारामुळे तिथे डगमगू लागते. सैन्यानंही लांबच्या अंतरासाठी पुढे एम११८एलआरमध्ये १७५ ग्रेनची गोळी घेतली. तेव्हा गोळी बदलावी लागेल, म्हणजे पुस्तिका नव्यानं उघडायची, खालच्या आकड्यापासून सुरू करायचं आणि दहा-दहा गोळ्या मारायच्या.

कारखान्याच्या त्या लॉटची पाच खोकी आम्ही घेतली होती. दोन चाचण्यांत साठ काडतुसं गेली, रनआउटसाठी मोजलेलीही त्यांतलीच. दोन खोकी शिल्लक आहेत. पिंपरीत आम्ही मास्टर गेज लाकडी पेटीत ठेवायचो आणि कामाच्या गेजवर संशय आला की तेवढ्यापुरतं बाहेर काढायचो. भावानं ती दोन खोकी तशीच टेप लावून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आहेत आणि वर लॉट क्रमांक मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिला आहे.